तीन मिनिटांची माळ

तीर्थरूप दाजींना,
धाकट्या मेहुण्याचा वाकून नमस्कार.

तुमची प्रकृती उत्तम असावी. म्हणजे ती आहेच, कारण काल संध्याकाळी तुम्ही दुकानाच्या फळ्या लावत होता, तेव्हा मी समोरच्या चपलांच्या दुकानाआडून पाहत होतो. सहावी फळी तुम्ही एका हातानं उचललीत. गुडघाही बरा दिसला. खोकला काही ऐकू आला नाही, पण मध्ये एक टेम्पो सुरूच ठेवून कुणीतरी चहाला गेलं होतं, त्यामुळे खोकल्याबद्दल खात्री देता येत नाही. तेवढं आक्काकडून कळवावं. आम्ही सगळे इकडे (इकडे म्हणजे तुमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे) देवाच्या कृपेनं सुखरूप आहोत. तीन गल्ल्यांसाठी कुणी पत्र लिहितं का, असं तुम्ही म्हणाल. म्हणाल कसले, तुम्ही बोलतच नाही, तीच तर अडचण आहे. मतदान झाल्यापासून मी चार वेळा तुमच्या दुकानात आलो. चारही वेळा तुम्ही ते भिंग डोळ्यावर चढवलंत आणि मान खाली घातलीत, ती मी पायरी उतरेपर्यंत वर केली नाहीत. चौथ्या वेळी तर तुमच्या हातात घड्याळसुद्धा नव्हतं, दाजी. तुम्ही नुसतं टेबलाचं लाकूड तपासत होता. तेव्हा म्हटलं, आता पत्रच लिहावं. वाचायला भिंग लागलं तरी या खेपेला ते माझ्याकडेच वळलेलं असेल.

गेल्या मंगळवारी सकाळी मी काय केलं, ते आधी सांगतो. घंटा साडेसातची असते हे तुम्हाला माहीत आहे, पण मी साडेसहालाच शाळेत गेलो. प्रयोगशाळेचं कुलूप काढलं, लंबकाच्या प्रयोगासाठी ठेवलेलं स्टॉपवॉच कपाटातून घेतलं, नळाखाली हात धुतले, खिडकीशी स्टुलावर बसलो आणि घड्याळ सुरू करून एक माळ जपली. मग घड्याळ बंद करून आकडा पाहिला. मग पुन्हा जपली. असं मी त्या सकाळी सात वेळा केलं. देवाचं नाव घेताना घड्याळ लावणं बरोबर नाही हे मलाही कळतं. पण ज्या माणसानं घड्याळाच्या जागी देवाचं नाव लावलं, त्याला कधी ना कधी उलटं करून बघावंच लागतं. हे असं कोड्यात का बोलतोय, ते समजायला मतदानाच्या दिवसापर्यंत मागे जायला हवं. तो दिवस तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. फक्त तुम्ही तो मतदानाच्या आडोशाला लावलेल्या पुठ्ठ्याच्या त्या बाजूनं पाहिलात, मी या बाजूनं.

मागच्या निवडणुकीला लोक आत जात ते बाहेरच येत नसत, हे तुम्हाला आठवतंच. यंदा तर एक्केचाळीस उमेदवार. (मतपत्रिका उलगडली की टेबलावर चादर अंथरल्यासारखी वाटायची. एका म्हातारीनं घडी घालायला सवयीनं केंद्राध्यक्ष बाईंनाच हाक मारली, 'ते दुसरं टोक धर गं.') म्हणून निवडणूक कार्यालयानं नवा नियम काढला. बाहेर रांग असेल तर एका मतदारानं आडोशामागे तीन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं नाही. अडीच मिनिटं झाली की एकदा सांगायचं, तीन झाली की बाहेर बोलवायचं. शिक्का मारलेला असेल तर पत्रिका पेटीत, नसेल तर ती रद्द, आणि त्या माणसाचं त्या निवडणुकीपुरतं मत संपलं. हे बघणाऱ्या माणसाला त्यांनी 'समयपाल' असं नाव दिलं होतं आणि छातीला लावायला बिल्लाही. मुख्याध्यापकांना विचारलं, तुमच्याकडे वेळेचा पक्का माणूस कोण, तर त्यांनी माझं नाव दिलं. सव्वीस वर्षं घंटा वाजवतोय, एकदाही चुकली नाही, असं ते म्हणाले. दाजी, माणसाला खड्ड्यात ढकलायचं असेल तर धक्का मारावा लागत नाही. नुसती स्तुती करावी, तो आपणहून दोन पावलं मागे जातो.

तीन मिनिटं म्हणजे नेमकं काय, याचा मी आदल्या दिवशी पुष्कळ विचार केला. दूध उतू जायला तीन मिनिटं पुष्कळ आहेत. पण एक्केचाळीस माणसांतून एक बरा माणूस शोधायला ती पुरतात का? आमच्या हिला विचारलं, तर म्हणाली, "एक्केचाळीसांत बरा माणूस असेल तर एका मिनिटात दिसेल, नसेल तर दिवसभर उभं राहून उपयोग नाही." या वाक्यावर मी झोपेपर्यंत विचार करत होतो आणि ती केव्हाच झोपली होती.

आपलं केंद्र वाचनालयाच्या खोलीत होतं. भिंतीवर चांगलं मोठं घड्याळ आहे, पण ते गिरणीवाल्यांनी भेट दिलेलं, आणि गिरणीवाले स्वतःच उमेदवार. तबकडीवर बाराच्या खाली त्यांचं नाव आणि सहाच्या वर गिरणीचा पत्ता. तो प्रचार होतो म्हणून केंद्राध्यक्ष बाईंनी सकाळीच त्या घड्याळावर वर्तमानपत्र चिकटवलं. (त्या पानावरही गिरणीवाल्यांचा फोटो निघाला, म्हणून मग त्यावर दुसरं वर्तमानपत्र.) घड्याळ आपलं आतून टिकटिक करत होतं, दिवसभर. सरकारी स्टॉपवॉच मला सीलबंद पाकिटातून मिळालं. ते साडेदहापर्यंत उत्तम चाललं आणि एका पेन्शनरच्या पाळीला दोन मिनिटं बारा सेकंदांवर जे थांबलं, ते थांबलंच. हलवलं, आपटलं, फुंकर मारली. बाई म्हणाल्या, "इथं जवळ कुणी घड्याळजी नाही का?" आणि मी, दाजी, मी म्हणालो, "आहेत की, माझेच दाजी आहेत. पण त्यांच्याकडे दिलं तर पुढच्या निवडणुकीला मिळेल."

सगळी खोली हसली. रांगेतले लोकही हसले. हे वाक्य तुमच्यापर्यंत तासाभरात पोचलं असणार हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण माणूस विनोद करतो तेव्हा त्याला फक्त पुढचे कान दिसतात.

मग बाईंनी स्वतःच्या मनगटातलं घड्याळ काढून माझ्यापुढे धरलं. चांगलं होतं, सेकंदकाटा होता. ते घेतलं असतं तर हे पत्र लिहावंच लागलं नसतं. पण मी म्हणालो, "राहू द्या बाई, मला घड्याळ लागत नाही." त्यांनी विचारलं, नक्की? मी बिल्ल्यावर हात ठेवून म्हणालो, "सव्वीस वर्षं." कारण सांगतो. माझी एक माळ, एकशे आठ मणी, बरोबर तीन मिनिटांची आहे. बारा वर्षांपूर्वी मी ती एकदा मोजून पाहिली होती. पहाटे जप झाला की किती माळा झाल्या त्यावरून मला किती वाजले ते कळतं, आणि त्याचा मला, आता लपवण्यात अर्थ नाही, चांगलाच अभिमान होता. देवाचं नाव घेता घेता माणूस नम्र होतो म्हणतात. माझ्या बाबतीत त्यातून एक घड्याळ तयार झालं होतं. तर मी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि पुढचे साडेसहा तास तुम्हा सगळ्यांचं मत माझ्या अंगठ्यानं मोजलं. नव्वदावा मणी आला की 'अर्धं मिनिट राहिलं', मेरुमणी आला की 'या बाहेर'. कुणाला पत्ता नाही. बाई तर दोनदा म्हणाल्या, काय अचूक आहे हो तुमचं!

दुपारपर्यंत बरं चाललं होतं. मग ऊन वाढलं, रांग दारातून रस्त्यावर गेली आणि रस्त्यावरून वळून कापडदुकानाच्या पायऱ्यांवर चढली. लोक कुरकुरायला लागले. "अहो समयपाल, आत बाळंतपण चाललंय का?" असं एकजण ओरडला. दुसरा म्हणाला, "वाचनालय आहे, कादंबरी वाचत बसला असेल." अशा वेळी जप कसा होतो ते तुम्ही देवधर्म करत नसलात तरी ओळखाल. नाव तोंडात, कान रांगेत. त्या गर्दीच्या दोन तासांत मी अकरा माणसं शिक्का न मारता बाहेर काढली. त्यातली एक नवी सून होती, पहिलंच मतदान. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात शिक्का तसाच होता आणि बोटाला शाई. तिच्या सासूनं तिला सगळ्यांसमोर विचारलं, "एवढा वेळ काय करत होतीस?"

अकरावे तुम्ही.

तुम्ही आत गेलात तेव्हा बाहेर अगदी कल्ला चालला होता. तुम्ही उंच आणि पुठ्ठा ठेंगणा, त्यामुळे तुमचं डोकं मला दिसत होतं. तुम्ही मतपत्रिका उलगडलीत, दोन्ही हातांनी सपाट केलीत, खिशातून भिंग काढलंत, डोळ्यावर बसवलंत आणि पहिल्या उमेदवारापासून वाचायला सुरुवात केलीत. एकेक नाव. तुमची मान अशी सावकाश खाली सरकत होती की ती कितव्या नावावर आहे ते मला इथून सांगता आलं असतं. अठराव्या नावावर तुम्ही थांबलात, परत अकराव्यावर गेलात. आणि माझा अंगठा पळत होता. मी 'अर्धं मिनिट' म्हणालो, तुम्ही हात वर करून 'ऐकलं' अशी खूण केलीत. आणि मग मी म्हणालो, "दाजी, या बाहेर. वेळ संपली."

तुम्ही पुठ्ठ्यावरून माझ्याकडे बघितलंत. भिंग अजून डोळ्यावरच होतं, त्यामुळे तुमचा एक डोळा बशीएवढा दिसला. मनगट पुढे करून तुम्ही शांतपणे म्हणालात, "माझ्या घड्याळात अजून एक मिनिट दहा सेकंद आहेत."

आणि मी म्हणालो, "नियम तो नियम, दाजी."

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, घड्याळजींचीच वेळ संपली!" पुढचं तुम्हाला माहीत आहे. बाईंनी पत्रिकेवर 'रद्द' लिहिलं, तुम्ही भिंग रुमालात गुंडाळलंत आणि कुणाकडे न बघता गेलात. तीस वर्षं लोक तुमच्या दुकानासमोर थांबून आपली घड्याळं लावून घेत, आणि त्या दिवसापासून तेच लोक जाता जाता 'काय घड्याळजी, वेळ संपली का?' म्हणतात, हे मी आडून उभा असताना स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. काल तर एक माणूस दुरुस्तीचं घड्याळ घेऊन तुमच्या पायरीपर्यंत आला, हसला आणि बसस्टँडजवळच्या पोरगेल्या घड्याळजीकडे निघून गेला. आणि माझं काय झालं? पाचच्या ठोक्याला रांग संपवणारं आपलं एकच केंद्र निघालं. मला कार्यालयाकडून प्रशस्तिपत्र मिळालं, 'वेळेच्या काटेकोर पालनाबद्दल'. मुख्याध्यापकांनी ते चौकट करून शाळेच्या कचेरीत लावलं, घंटेच्या दोरीसमोरच. रोज आठ वेळा मी दोरी ओढायचो आणि आठ वेळा ते वाचायचो.

तर मंगळवारची गोष्ट. पहिल्यांदा एकटा शांत बसून जप केला, तेव्हा माळ तीन मिनिटं दोन सेकंदांची झाली. मला बरं वाटलं. तेवढ्यात आमची ही डबा घेऊन आली (मी विसरलो होतो) आणि दारात उभी राहून विचारू लागली की हे काय चाललंय, दळण कोण आणणार, सिलिंडरवाल्याला फोन केला का, आणि सकाळी सकाळी प्रयोगशाळेत देव कशाला हवाय. मी थांबलो नाही, तशीच माळ पुरी केली. दोन मिनिटं एकवीस सेकंद! मी तिला म्हटलं, अजून बोल. तिला आधी संशय आला, लग्नाला चोवीस वर्षं झाली पण असं मी कधी म्हटलं नव्हतं. मग ती बोलली, आणि मनापासून बोलली. दोन मिनिटं अठरा. मग म्हटलं, आता नुसती शेजारी बस, काही बोलू नकोस. ती खिडकीशी बसून बाहेरचं झाड बघत राहिली. चार मिनिटं सव्वीस सेकंद. म्हणजे दाजी, माझी माळ तीन मिनिटांची कधीच नव्हती. ती समोर कोण आहे, त्यावर होती. तुमच्यानंतर दुपारी तीनला आक्का मतदानाला आली होती. तिच्या वेळी माझी बोटं आपोआप मंदावली होती हे मला आता आठवतं. तिला विचारलं तर म्हणाली, "मी पहिल्याच मिनिटात शिक्का मारला रे. पुढे नुसती उभी राहिले. कुणी हाक मारत नव्हतं, काही मागत नव्हतं. बरं वाटलं." म्हणजे तिला साडेचार मिनिटं मिळाली, त्यातली साडेतीन नुसत्या विश्रांतीची, आणि तुम्हाला मी एक मिनिट पन्नासला बाहेर काढलं. (दोन एकवीस ते एक पन्नास, यातली तीस सेकंदं कुठे गेली ते मात्र अजून नीट लागत नाही. उन्हाचा परिणाम असावा.)

त्यानंतर मी उरलेल्या दहाजणांकडे गेलो. त्यातले एक पेन्शनर म्हणाले, "मी आत झोपलो होतो, बरं झालं उठवलंस." एका केस कापणाऱ्यानं मला खुर्चीत बसवून घेतलं आणि कानाजवळ वस्तरा धरून सगळं नीट ऐकून घेतलं, मग म्हणाला, जाऊ द्या. नऊजणांनी असं 'जाऊ द्या' म्हटलं. गिरणीवाले दोनशे चौदा मतांनी आलेत, अकरानं काय फरक पडतो, असंही सगळे म्हणाले. फक्त त्या नव्या सुनेनं विचारलं, "काका, मग आता सासूबाईंना तुम्ही सांगाल का?" मी आत जाऊन सांगितलं. सासूबाईंनी मला चहा दिला नाही, पण सुनेला हाक मारून बसायला सांगितलं.

मुख्याध्यापकांना सांगितलं, तर त्यांनी डोकं धरलं. "तुम्हाला कुणी विचारलंय का? गिरणीवाले आपल्या संस्थेवर आहेत. आणि उद्या लोक म्हणतील, या शाळेची घंटा तरी खरी कशावरून?" हा मुद्दा मला पटला. तो पटला म्हणूनच शुक्रवारी मी अर्धी रजा टाकून निवडणूक कार्यालयात गेलो. मतदानाबद्दलच्या तक्रारीला निकालापासून तीस दिवसांची मुदत आहे आणि शुक्रवारी तिसावा दिवस होता. खिडकी पाचला बंद होते. माझ्यापुढे एकच गृहस्थ होते, पण त्यांचं नाव यादीत मयत म्हणून लागलं होतं आणि ते कारकुनाला आपण जिवंत असल्याचं पहिल्यापासून सांगत होते, म्हणजे जन्मापासून. पावणेपाच झाले, पाचला दहा कमी झाली. ते अजून आपल्या शाळेतल्या दिवसांत होते. आणि खिशात माझी बोटं पळायला लागली. मी हात बाहेर काढला, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि त्यांचं लग्न, नोकरी आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन संपेपर्यंत तसाच उभा राहिलो.

माझी पाळी आली तेव्हा कारकून अर्धं शटर खाली ओढून बसला होता. विचारलं, तक्रार कुणाविरुद्ध?

"माझ्याविरुद्ध."

"तक्रारदार कोण?"

"मीच."

त्यानं अर्जाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा अर्जाकडे. "मग इथे तक्रारदाराची सही," तो म्हणाला, "आणि इथे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला कळवलं म्हणून त्याची सही." मी दोन्हीकडे सही केली. दोन्ही सह्या सारख्याच आल्या म्हणून त्याला आणखी संशय आला, पण पाच वाजत आले होते. शिक्का मारला त्यानं. चौकशी होईपर्यंत घंटेचं काम माझ्याकडून काढून पाणी भरणाऱ्या मावशींकडे दिलं आहे. त्या मधली सुट्टी दहा मिनिटं आधी देतात आणि संपवायला दहा मिनिटं विसरतात, त्यामुळे मुलं मला रस्त्यात भेटून सांगतात की काका, तुम्ही घाईनं परत येऊ नका. प्रशस्तिपत्र मी स्वतः उतरवून कार्यालयात परत दिलं. भिंतीवर त्या जागी आता पांढरा चौकोन राहिला आहे आणि तोही मी वाचतोच.

एवढं सगळं तुम्हाला कळावं म्हणून लिहिलं. तुमचं घड्याळ बरोबर होतं आणि माझं चुकलं, एवढ्या एका ओळीत हे पत्र आटोपलं असतं. पण तुम्हाला मी एकदा कमी वेळ दिला, म्हणून म्हटलं या खेपेला जरा जास्त द्यावा. आक्काला नमस्कार नको, तीच पत्र घेऊन येते आहे. लोभ होता तसा पुन्हा व्हावा.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क.: पत्राचं खरं काम लिहायचं राहिलंच. माझ्या अर्जाची सुनावणी येत्या बुधवारी अकराला आहे. कारकून मला म्हणतो, "माळ जास्त पळत होती याला तुमच्या बोलण्याशिवाय पुरावा काय?" त्या दिवशी सेकंदकाटा बघणारा माणूस अख्ख्या केंद्रात एकच होता. तेव्हा दाजी, माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला तुम्ही यावं, ही हात जोडून विनंती. तुम्ही नाही आलात तर अर्ज निकाली निघेल आणि मला ते प्रशस्तिपत्र पुन्हा देतील. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. तिथे प्रत्येक साक्षीदाराला तीन मिनिटं देतात. तुम्हाला नुसतं खुर्चीत नीट बसायला दोन लागतात, म्हणून काय सांगायचं ते घरीच आक्कापुढे दोनदा म्हणून बघावं. कागद तपासायला दिला तर भिंग काढू नये.

ता. क. २: वरचं सगळं परवा आक्काला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "आणि ती तीस सेकंदं?" मी म्हटलं, ऊन. ती म्हणाली, "वाचनालयाला पंखा आहे." तेव्हा आता लिहितो. आमच्या वडिलांचं गजराचं घड्याळ मी तुमच्याकडे दुरुस्तीला दिलं, त्याला दोन वर्षं सात महिने झाले. दर वेळी तुम्ही 'एकच काटा राहिलाय' म्हणता. मी कधी बोललो नाही, कारण बहिणीचे यजमान. पण त्या दिवशी एका मतपत्रिकेसाठी तुम्ही खिशातून लगेच भिंग काढलंत, आणि माझ्या मनात आलं, अरे, याला वेळ आहे! तुमच्या पाळीचे शेवटचे पंचवीस-तीस मणी मी जपलेच नाहीत, दाजी. नुसते सरकवले. नाव तोंडात नव्हतं, रागच होता. रांगेचा यात काही दोष नाही, उन्हाचाही नाही. कार्यालयाच्या अर्जात मी हे लिहिलं नव्हतं. काल जाऊन जोडपत्र दिलं. (त्यावरही दोन सह्या.)

ता. क. ३: जोडपत्र कार्यालयाच्या फायलीत राहील, पण हसला होता सगळा चौक. म्हणून आज सकाळी वाचनालय उघडल्याबरोबर ग्रंथपालांकडून खडू मागून घेतला. बाहेरच्या फळ्यावर, जिथे रोजच्या बातम्या लिहितात तिथे, कालची बातमी पुसून मी मोठ्या अक्षरात लिहिलं: 'मतदानाच्या दिवशी घड्याळजींचं घड्याळ बरोबर होतं. त्यांची वेळ संपली नव्हती. समयपालानं मनात राग धरून ती कमी केली.' खाली माझी सही, हुद्द्यासकट. ग्रंथपालांनी विचारलं, संध्याकाळी पुसू का? म्हटलं, आठवडाभर राहू द्या. मागे पाच-सहा माणसं बातम्या वाचायला ताटकळत उभी होती आणि एकजण म्हणालाही की आटपा लवकर. मी सावकाश, वळणदार लिहिलं. किती वेळ लागला ते मोजलं नाही.